विंडोज ११ टाकल्यावर ऑफिसचं नेट गेलं : केबल ठीक, राउटर ठीक, तरी पत्ता १६९.२५४ चा

ताडदेव_हिशेब :
नमस्कार मंडळी. जाणकारांची तातडीने मदत हवी आहे.

ताडदेवला आमचं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. रिटर्न बायको भरते; कॉम्प्युटर, प्रिंटर आणि केबलवाला हे खातं माझ्याकडे. विंडोज १० ला मोफत अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. ऑफिसच्या मशीनवर अशिलांचे पॅन, बँक खाती असं सगळं असतं, त्यामुळे जुन्या सिस्टीमवर दिवस ढकलणं मनाला पटेना. मशीन ११ च्या अटींत बसतं, टीपीएम २.० (११ ला लागणारी सुरक्षा चिप) आहे, प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा. शनिवारी ऑफिस बंद करताना अपग्रेड लावलं. रविवारी सकाळी येऊन पाहतो तर सगळं व्यवस्थित पार पडलेलं. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडते, फाइली जागच्या जागी. नेट मात्र नाही. खाली उजवीकडे पृथ्वीगोल आणि त्यावर बंदीची खूण.

लक्षणं जशी दिसली तशी लिहितो. मशीनला वायफाय नाही, राउटरपासून केबल थेट मागे येते. त्याच राउटरवर माझा मोबाइल आणि बायकोचा लॅपटॉप नीट चालतात. मशीनमागच्या पोर्टवर हिरवा दिवा स्थिर आहे, केशरी लुकलुकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्ड दिसतं, पिवळा त्रिकोण नाही. आयपीकॉन्फिग (नेटवर्कचा पत्ता दाखवणारी कमांड) केलं की १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता येतो आणि गेटवेची, म्हणजे राउटरच्या पत्त्याची, जागा रिकामी. राउटर बंद-चालू केला, मशीन रीस्टार्ट केलं, फरक नाही.

२० तारखेला जीएसटीच्या ३बी रिटर्नची मुदत आहे. काही रिटर्न लॅपटॉपवरून जातील, पण टॅलीचा डेटा आणि कंपन्यांच्या डिजिटल सहीचे टोकन याच मशीनवर बसवलेले आहेत. बाकी काही न हलवता नेट परत आणायचं आहे.

लोअर_परळ :
केबल बदलून बघा. आमच्याकडे उंदरांनी कुरतडली होती, दिवे लागायचे पण नेट नाही.

रात्रपाळी :
सरळ फॉरमॅट मारा आणि ११ कोरं टाका. जुन्यावर नवीन चढवलं की काही ना काही अडकतंच. मी कधीच अपग्रेड करत नाही. तासाभराचं काम आहे.

ताडदेव_हिशेब :
रात्रपाळी, विंडोज टाकायला तासभर लागेल, मान्य. पण नंतर टॅलीचं लायसन्स, टोकनचे ड्रायव्हर, प्रिंटर, बँकांच्या सेटिंग, हे सगळं पुन्हा बसवायचं, तेही ऐन मुदतीच्या आठवड्यात. शेवटचा उपाय म्हणून ठेवतो.

क्रिंपर :
मी २००० च्या दशकापासून मुंबईत ऑफिसांची नेटवर्क बसवतो आणि दुरुस्त करतो. विनंती एकच, आत्ता काहीही रिसेट करू नका. नेट गेलं की लोक दिसेल ते बटण दाबतात, मग मूळ बिघाड कुठला आणि आपण नंतर केलेला कुठला हे कळेनासं होतं. साखळीची कुठली कडी तुटलीय ते आधी शोधायचं, हात मागाहून लावायचा.

तुम्ही दिलेल्या माहितीतच अर्धं उत्तर आहे. १६९.२५४ चा पत्ता राउटर देत नाही. मशीनने डीएचसीपीकडे (राउटरमधली पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून विंडोजने स्वतःच स्वतःला एक तात्पुरता पत्ता घेतला. म्हणजे भानगड डीएनएसची (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) नाही, ब्राउझरची नाही, केबलवाल्याचीही नाही. मशीन ते राउटर या टप्प्यातच कुठेतरी आहे. म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे डीएनएस टाकून बघा असं कोणी सुचवलं तरी त्यात वेळ घालवू नका. तो उपाय पत्ता मिळाल्यानंतरच्या अडचणींवरचा आहे.

आता दोन गोष्टी करा. हीच केबल काढून बायकोच्या लॅपटॉपला लावा, त्याचं वायफाय बंद करून. पत्ता मिळाला तर केबल आणि राउटर दोन्ही निर्दोष. मग मशीनवर हाताने पत्ता द्या. राउटर १९२.१६८.१.१ असेल तर १९२.१६८.१.२००, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे राउटरचा. त्यानंतर राउटरला पिंग करा (समोरून उत्तर येतं का ते तपासणारी कमांड) आणि नेमकं वाक्य काय येतं ते इथे लिहा. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आणि 'जनरल फेल्युअर' या दोन्हींत फार मोठा फरक आहे. पहिल्यात मशीनने हाक मारली पण राउटरकडून ओ आली नाही. दुसऱ्यात बहुधा हाक मशीनच्या बाहेरच पडलेली नसते.

दहिसर_पूर्व :
मध्येच विचारतो, माफ करा. माझंही विंडोज ११ नंतरच गेलंय पण वेगळं. लॅपटॉपमध्ये वायफायचा पर्यायच दिसत नाही. बटणच नाही! ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट हवं आणि नेट यायला ड्रायव्हर हवा.

क्रिंपर :
दहिसर, तुमचा बिघाड वेगळा आहे, पण सोपा आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. हॉटस्पॉट नाही, टेदरिंग. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे वायफाय कार्ड मेलेलं असलं तरी लॅपटॉपला फोनमधून नेट मिळतं. चार्जिंगपुरत्या स्वस्त केबलवर हे होत नाही, डेटा जाणारी केबल हवी.

नेट आलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'नेटवर्क कंट्रोलर' नावाचं पिवळ्या त्रिकोणाचं उपकरण शोधा. प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. तिथे व्हीईएन नंतर चार अक्षरं असतात. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस. मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा, त्या कंपनीच्या कार्डाचा ड्रायव्हर घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची जी फुकट सॉफ्टवेअर जाहिरातीत दिसतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यातून आलेली घाण काढायला मी लोकांच्या घरी गेलेलो आहे.

ताडदेव_हिशेब :
लॅपटॉपला केबल लावली, लगेच १९२.१६८.१ चा पत्ता मिळाला, नेट चालू. मग मशीनवर तुम्ही सांगितल्याप्रमाणे हाताने पत्ता टाकला. पिंग केल्यावर 'ट्रान्समिट फेल्ड, जनरल फेल्युअर'. चारही ओळी तशाच. १२७.०.०.१ ला, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्याला, मात्र पिंग जातो.

लोअर_परळ :
मग कार्डच गेलं असेल. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी टू लॅन (यूएसबीत लावायचं नेटवर्क कार्ड) घेऊन या, काही शे रुपयांत मिळतं.

क्रिंपर :
कार्ड गेलेलं असतं तर दिवे असे लागले नसते आणि बहुतेक डिव्हाइस मॅनेजरने तक्रार केली असती. शनिवार संध्याकाळपर्यंत चालणारं कार्ड नेमकं अपग्रेडच्या रात्री मरणं हा योगायोग मी सहज मानणार नाही.

'जनरल फेल्युअर' वाचल्यावर माझा पहिला संशय फिल्टरवर जातो. विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर खाली असतो, टीसीपी आयपी (नेटवर्कवर बोलायची भाषा) वर असतो, आणि दोघांच्या मध्ये बाहेरचं सॉफ्टवेअर आपला फिल्टर बसवू शकतं. अँटिव्हायरस बसवतात, व्हीपीएन (दूरच्या ऑफिसशी सुरक्षित जोडणी करणारी सॉफ्टवेअर) बसवतात. येणाराजाणारा प्रत्येक पॅकेट (माहितीचा तुकडा) त्यातून जातो. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी फिल्टर कधीकधी मागे राहतो. जुन्या विंडोजवर तो गप्प असतो. अपग्रेडमध्ये तो नव्या सिस्टीमवर ओढला जातो, पण त्याचा बाकीचा कारभार तिथे नसतो, आणि मग तो सगळंच अडवतो. वॉचमन कधीच काम सोडून गेला, पण गेटला त्याचं कुलूप तसंच.

हे नवीन नाही. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा हेच झालं होतं. सिस्को आणि सोनिकवॉलच्या जुन्या व्हीपीएन क्लायंटबरोबर येणारा 'डिटरमिनिस्टिक नेटवर्क एन्हान्सर' नावाचा फिल्टर अपग्रेडनंतर मागे राहायचा आणि केबल, वायफाय दोन्ही बंद पाडायचा. तो काढायच्या कमांड मायक्रोसॉफ्टने स्वतः प्रसिद्ध केल्या होत्या. त्या वर्षी नरिमन पॉइंटच्या ऑफिसांत मी त्या इतक्या वेळा टाइप केल्या की पाठ झाल्या.

तुम्ही हे करा. विंडोज आणि आर एकत्र दाबा, 'एनसीपीए.सीपीएल' टाका. इथरनेटवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज. एक यादी येईल, प्रत्येक ओळीपुढे चौकोन. 'क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स', 'क्यूओएस पॅकेट शेड्युलर', 'इंटरनेट प्रोटोकॉल' ही विंडोजची आपली मंडळी. त्यात दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नाव दिसतंय का बघा. यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मगच कशाला हात लावा.

उबुंटूवाली :
विषयाला जोडून, लिनक्सवाल्यांसाठी लिहून ठेवते, कारण शोधत इथे येणारे येतील. माझ्या जुन्या लॅपटॉपात ब्रॉडकॉमचं वायफाय आहे. उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेले आणि वायफाय गेलं. या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या (सिस्टीमचा गाभा) बाहेरचा आहे, नवीन कर्नल आलं की डीकेएमएस हे टूल तो नव्याने बांधतं. बांधणी फसली की कार्ड दिसेनासं होतं. घाबरू नका. मशीन सुरू होताना ग्रबमध्ये (सुरुवातीचा मेनू) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून जुनं कर्नल निवडून बघा. ते शिल्लक असेल आणि त्यात वायफाय चाललं तर निदान पक्कं झालं. मग फोनचं यूएसबी टेदरिंग लावून 'बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स' हे ड्रायव्हरचं पॅकेज काढून पुन्हा टाका. टेदरिंग लिनक्सवरही विनाखटपट चालतं.

दुसरं, ज्यांनी हाताने पत्ता लिहून ठेवलाय त्यांनी अपग्रेडनंतर कार्डाचं नाव तपासावं. पूर्वीचं ईटीएच० जाऊन ईएनपी३एस० असं काही झालेलं असतं, आणि फाइलमध्ये जुनंच नाव. सिस्टीम त्या जुन्या नावाची वाट बघत बसते.

ताडदेव_हिशेब :
क्रिंपर साहेब, सापडलं!

यादीत मधोमध एक ओळ होती, एका अँटिव्हायरस कंपनीचं नाव आणि पुढे 'नेटवर्क फिल्टर'. ते अँटिव्हायरस आमच्याकडे पूर्वी होतं, लायसन्स संपल्यावर कंट्रोल पॅनेलमधून रीतसर काढलेलं. प्रोग्रामच्या यादीत त्याचं नावही नाही, आणि इथे टिक लागलेली. फोटो काढला, टिक काढली, ओके केलं. हाताने दिलेला पत्ता काढून पुन्हा ऑटोमॅटिक केलं. हिरवी-केशरी लुकलुक एकदम वाढली आणि १९२.१६८.१.७ आला. जीएसटीचं पोर्टल उघडलं. बायको शेजारीच बसली होती, तिने तिथल्या तिथे लॉगिन करून पहिलं रिटर्न काढायला घेतलं.

आता पुढे काय? टिक काढून तसंच ठेवू की मुळातून काढू? आणि नेटवर्क रिसेट करणं गरजेचं आहे का?

क्रिंपर :
उत्तम. मुळातून काढा, पण आज नाही, रिटर्न भरून झाल्यावर. नुसती टिक काढलेला फिल्टर पुढच्या मोठ्या अपडेटला पुन्हा डोकं वर काढू शकतो. त्याच खिडकीत ती ओळ निवडून अनइन्स्टॉल दाबा. जमलं नाही तर त्या अँटिव्हायरस कंपनीच्या साइटवर खास काढून टाकण्याचं टूल असतं. कंट्रोल पॅनेलमधून जे निघत नाही ते त्याने निघतं.

नेटवर्क रिसेट तुम्हाला लागणार नाही. ते सगळी कार्डं उपटून पुन्हा बसवतं आणि हाताने दिलेले पत्ते, व्हीपीएन, सगळं पुसलं जातं. 'नेटसीएफजी -डी' ही कमांड त्याच जातीची. काही जणांना डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ५६ दिसतो, नेटवर्कच्या घटकांची जुळवणी अजून चालू आहे अशा अर्थाचा. तोही बहुतेकदा जुन्या व्हीपीएनमुळेच. तिथे आधी व्हीपीएन काढावं, आणि तरीही अडलं तर ही कमांड, सगळी सेटिंग कागदावर उतरवून.

आणखी एक. विंडोज.ओल्ड हा फोल्डर डिस्क साफ करताना उडवू नका. तो आहे तोवर आणि अपग्रेडनंतर १० दिवसांच्या आत सेटिंग, सिस्टीम, रिकव्हरीमधून मागे विंडोज १० वर जाता येतं. ही मुदत डीआयएसएम या विंडोजच्या टूलच्या कमांडने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण पहिले १० दिवस संपायच्या आत. ऑफिसच्या मशीनवर मी अपग्रेड झाल्याझाल्या तेच करतो.

रात्रपाळी :
फॉरमॅटपेक्षा हे बरं झालं, मान्य करतो. पण शट डाउन करून चालू केलं असतं तर असंही आलं असतं का?

क्रिंपर :
नसतं आलं. उलट शट डाउनपेक्षा रीस्टार्ट जास्त पूर्ण असतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज कर्नल आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तीच उचलतं. रीस्टार्टमध्ये सगळं कोऱ्यापासून. डिसेंबर २०१६ मध्ये विंडोज १० वर बऱ्याच लोकांचं नेट गेलं होतं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सपोर्टच्या पानावर सूचना लावली होती, रीस्टार्ट निवडा, शट डाउन नको. धागाकर्त्यांनी रीस्टार्ट आधीच केलं होतं, त्यामुळे ती शक्यता पहिल्याच पोस्टमध्ये गळली.

मॅक_माटुंगा :
मॅकवरही फिल्टरचंच नातं. सप्टेंबर २०२४ मध्ये सेक्वोया ही मॅकची नवी सिस्टीम आली तेव्हा बाहेरच्या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या मॅकचं नेट अडकत होतं. १५.०.१ मध्ये ॲपलने तो मेळ सुधारला. आमच्या स्टुडिओत तेव्हापासून पहिल्या दिवशी कोणी अपग्रेड करत नाही.

दहिसर_पूर्व :
टेदरिंगने आलं! कार्ड १०ईसी निघालं. कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलला ११ चा ड्रायव्हर होता, टाकला, वायफायचं बटण परत. दादा, तुमचे मनापासून आभार. मुलीचा ऑनलाइन क्लास होता, फार टेन्शन आलं होतं.

अजून एक. शेजारच्या काकांचा कॉम्प्युटर माझ्यासारखाच झालाय, पण त्यांच्याकडे राउटर नाही. केबलवाल्याची वायर थेट मशीनला. लोअर परळ म्हणाले तसं यूएसबी टू लॅन आणून दिलं तर चालेल का?

क्रिंपर :
सावध. मुंबईत बरेच स्थानिक केबलवाले कनेक्शन मॅक ॲड्रेसशी (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बांधून ठेवतात. काकांच्या मशीनच्या मूळ कार्डाचा ॲड्रेस त्यांच्याकडे नोंदलेला असेल, आणि नवीन यूएसबी कार्डाचा ॲड्रेस वेगळा. मग कार्ड उत्तम असूनही नेट येणार नाही आणि दोष उगाच विंडोजवर जाईल. केबलवाल्याला फोन करून 'मॅक रिसेट करा' एवढं सांगितलं की काम होतं.

त्याआधी हे बघा, पूर्वी काका नेट सुरू करताना युजरनेम-पासवर्ड टाकून कनेक्ट करायचे का? तसं असेल तर ते पीपीपीओई आहे आणि अपग्रेडमध्ये तो डायलर गायब झाला असू शकतो. सेटिंगमध्ये डायल-अपच्या पानावर नवीन ब्रॉडबँड कनेक्शन बनवायचं. पासवर्ड जुन्या पावतीवर किंवा केबलवाल्याकडे मिळेल. आणि पुढेमागे काकांना एक साधा राउटर घेऊन द्या. बाहेरची वायर सरळ मशीनमध्ये जाणं सुरक्षेच्या दृष्टीने बरं नाही.

पेन्शनर_दादर :
उपयुक्त चर्चा. वाचनखूण साठवली. माझा कॉम्प्युटर ११ च्या अटींत बसत नाही, तर मी काय करावं?

उबुंटूवाली :
काका, घरगुती वापरासाठी विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळायची सोय आहे, ईएसयू म्हणतात. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवायचं, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. त्यानंतर लिनक्स टाकायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी शिवाजी पार्कलाच राहते, येऊन टाकून देईन.

ताडदेव_हिशेब :
टूल चालवून फिल्टर मुळातून काढला. यादीतून ओळ गेली, नेट व्यवस्थित. रिटर्न सगळी वेळेत गेली.

आता एकच गोष्ट राहिली. झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेले कागद या कॉम्प्युटरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये यायचे, ते येत नाहीत. मशीनवर 'कनेक्शन एरर'. विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती.

क्रिंपर :
आधी सगळ्यात साधं. नवीन नेटवर्क म्हणून विंडोजने तुमची जोडणी 'पब्लिक' धरली असेल, मग फायरवॉल बाहेरून येणारं शेअरिंग अडवतो. इथरनेटच्या पानावर 'प्रायव्हेट' करा आणि स्कॅन करून बघा.

तेवढ्याने झालं नाही तर २४एच२ चा बदल आडवा येतोय. प्रोमध्ये आता शेअरिंगला एसएमबी (विंडोजची फाइल शेअर करायची पद्धत) साइनिंग सक्तीचं आहे, म्हणजे प्रत्येक पॅकेटवर सहीची मागणी होते. जुन्या झेरॉक्स मशीनना ते येत नाही. पाहुण्यासारखं पासवर्डशिवाय घुसणंही चालत नाही. मशीनसाठी कॉम्प्युटरवर एक वेगळा युजर बनवा, पासवर्डसकट, फक्त त्या स्कॅनच्या फोल्डरवर हक्क द्या, आणि तो झेरॉक्सच्या ॲड्रेस बुकमध्ये भरा. सर्व्हिसवाल्याला विचारा, एसएमबी २ किंवा ३ चालणारं फर्मवेअर (झेरॉक्सच्या आतलं सॉफ्टवेअर) आहे का. पॉवरशेलमधून साइनिंगची सक्ती काढता येते, पण अशिलांचे पॅन आणि बँकेचे कागद त्या फोल्डरमध्ये येतात, म्हणून तुमच्या ऑफिसला तो सल्ला मी देणार नाही. मशीन फारच जुनं असेल तर पेनड्राइव्हवर किंवा ईमेलवर स्कॅन घ्या.

ताडदेव_हिशेब :
'पब्लिक'च होतं. प्रायव्हेट केलं, तरी एरर राहिली. मग वेगळा युजर बनवला, सर्व्हिसवाल्याला बोलावून फर्मवेअर टाकून घेतलं. आता स्कॅन फोल्डरमध्ये येतात, रंगीत आणि काळे-पांढरे दोन्ही. फोल्डरवर फक्त त्याच युजरला हक्क ठेवलाय. ज्यांच्याकडे असंच जुनं झेरॉक्स आहे त्यांना फर्मवेअरच्या फाइलबद्दल विचारायचं असेल तर मॉडेलचं नाव व्यनि करा.